मऊची मुलगी

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. माइक म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर भाषण ठोकणारे पुढारी येतील, नाहीतर मंडपात ‘हॅलो, हॅलो’ करत फुंकर मारणारे कुणाचे तरी काका येतील. ते माइक माझे भाऊबंद खरे, पण त्यांचा धंदा वेगळा आणि माझा वेगळा. ते माणसाचा आवाज मोठा करतात. मी तो नुसता ऐकतो आणि जपून ठेवायला देतो. वीतभर लांबी, काळा रंग आणि अंगावर बारीक चिरा, असे माझे रूप आहे. ज्याच्याकडे माझे तोंड वळवाल त्याचे मी नेमके ऐकतो, आजूबाजूचा कलकलाट मनावर घेत नाही. वाऱ्याची घरघर आत शिरू नये म्हणून मला राखाडी, केसाळ टोपडे घालतात. ते घातले की मी थेट मांजराचे पिल्लू दिसतो. एवढ्या मोठ्या कारखान्यात तयार होऊन शेवटी डोक्यावर टोपडेच यायचे, याचा मला पहिल्या दिवशी फार राग आला होता.

माझे तरुणपण बनारसच्या लग्नांत गेले. लग्नाच्या चित्रफिती काढणाऱ्या एका माणसाने मला विकत घेतले होते. वरातीचा बँड, फटाके, रुसलेले जावई आणि त्यांची समजूत काढणारे सासरे, हे सारे ऐकून माझे कान किटले. पण तेव्हा माझी वाहवा होत असे. नवरीच्या पाठवणीच्या वेळी तिच्या आईचा हुंदका मी असा टिपायचो की वर्षभराने चित्रफीत पाहतानाही घरातल्यांचे डोळे भरून येत. मग कॉलरला चिमट्याने अडकवायचे चिमुकले माइक आले. कानामागून आले आणि तिखट झाले! मालकाने मला एका खोक्यात घालून माळ्यावर टाकले. दमट हवेत माझ्या पोटात बुरशी धरते की काय, या धास्तीने मी पावसाळे काढले. ऐकण्याजोगे तिथे काहीच नव्हते. उंदीर होते, पण उंदरांचे बोलणे फार एकसुरी असते.

तिथून मला मुक्ताने विकत घेऊन सोडवले. मुक्ता ब्रह्मा घाटाजवळच्या मराठी घरातली मुलगी. तिच्या घराण्याला काशीत येऊन किती पिढ्या झाल्या, याबद्दल त्या घरातच दोन मते आहेत. घरात मराठी आणि घराबाहेर हिंदी, असा तिथला रिवाज. उंबरठा ओलांडताना मुक्ता पायात चपला घालते आणि तोंडात हिंदी घालते, दोन्ही एकाच सवयीने. तिने मला खोक्यातून काढले, मऊ फडक्याने पुसले, नवी वायर दिली आणि माझे टोपडे साबणाच्या पाण्यात धुऊन उन्हात वाळवले. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझी विचारपूस केली, म्हणून मी मनातल्या मनात तिला शंभर आशीर्वाद दिले.

मुक्ता जिच्या कामासाठी आवाज टिपायची, ती तिची मैत्रीण हिमानी. ती पत्रकार. वर्तमानपत्रात बातमी छापून येते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर कचौरी बांधून मिळते, याला कंटाळून ती माहितीपट काढू लागली होती. घाटाघाटांवर एकट्या राहणाऱ्या बायका आणि बालगृहांत राहणारी मुले, हा तिचा विषय. तिचे दोन नियम होते. विचारल्याशिवाय कुणाचे चित्र घ्यायचे नाही, आणि तयार झालेला माहितीपट आधी त्या बायकांना दाखवायचा, मग जगाला. एखादी म्हणाली, ‘बिटिया, हे काढून टाक,’ तर हिमानी कितीही जीव तुटला तरी ते काढून टाकत असे.

आमच्यात एक कॅमेराही होता. मोठा ऐटबाज. सगळे त्याच्याकडे बघून केस सारखे करत, माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. पण बालगृहात त्याची फजिती झाली. संकटात सापडलेल्या मुलांचा चेहरा दाखवायला कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे कॅमेऱ्याला कधी पाय, कधी दोरीवर वाळणारे कपडे, कधी भिंतीवरची सावली एवढ्यावर भागवावे लागे. गोष्ट सांगण्याचे काम माझ्यावर येऊन पडले. मी फुशारकी मारत नाही, पण त्या दिवसांत कॅमेरा माझ्याशी जरा नरमाईने वागू लागला.

त्याच बालगृहात एक चिमुरडी होती. चारेक वर्षांची असेल. बालगृह सांभाळणाऱ्या बाईंचे नाव विंध्यवासिनी, पण सगळे त्यांना बिंदोदीदी म्हणत. बिंदोदीदी स्वभावाने प्रेमळ, आवाजाने फाटक्या ढोलासारख्या. त्यांनी आम्हाला सांगितले, “ई बच्ची महीनों पहले घाट की भीड़ में मिली थी. कुछ बोलती ही नहीं. नाम पूछो तो कहती है, ‘ओ भी’. गेट खुले तो कहती है, ‘आई, आई’, जैसे कोई मेहमान आ गया हो. और घर पूछो तो बस एक बात, ‘मऊ’.”

मऊ हे बनारसपासून फार लांब नसलेले एक शहर आहे. साड्या विणणाऱ्यांचे शहर. मुलगी मऊ म्हणते म्हणजे मऊची, असे सगळ्यांनी धरून चालले. तिचे कागद मऊला गेले, मऊला चौकशी झाली, तिथे कुणाचीच मुलगी हरवली नव्हती. तरी तिला सगळे ‘मऊवाली’ म्हणत. आता ठरले होते की, मुलगी ज्या जिल्ह्याची तिथल्या बालगृहातच तिने राहावे. सोमवारी गाडी येणार होती. तिथून पुढे, कुणीच पुढे आले नाही तर तिला दत्तक देण्याची खटपट सुरू होणार होती. कुणाच्या मनात काही वाईट नव्हते. एवढी माणसे चांगल्या मनाने एखाद्या मुलीला चुकीच्या दिशेला नेऊ शकतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मित्रांनो, आता आमच्या कामातली एक रीत सांगतो. एखाद्या खोलीतले चित्रीकरण संपले की सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचे आणि त्या खोलीची नुसती शांतता टिपून घ्यायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कुठे पंखा कुरकुरतो, कुठे नळ ठिबकतो. पुढे आवाजांची जोडाजोडी करताना ती शांतता गवंड्याने भोकात भरायच्या सिमेंटासारखी कामाला येते. तर मुक्ताने मला मांडीवर ठेवले, कानाला हेडफोन लावले आणि म्हणाली, “सब लोग एकदम चुप. कमरे की खामोशी लेनी है.” बिंदोदीदींनीसुद्धा पदराने तोंड दाबून धरले, आणि बिंदोदीदी गप्प बसणे ही त्या घरात नवलाचीच गोष्ट होती.

त्या शांततेत ती चिमुरडी कोपऱ्यातून उठली. हळूहळू माझ्यापाशी आली. माझ्या केसाळ टोपड्यावर तिने आधी एक बोट ठेवले, मग तळवा ठेवला, मग गाल. तिचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्या कानाशी ती पुटपुटली, “मऊ... मऊ मऊ...”

बिंदोदीदींना राहवले नाही. “देखा? फिर मऊ! घर याद आ रहा है बेचारी को.” मुक्ताचेही डोळे भरून आले. मी तुम्हाला खरे सांगतो, त्या वेळी मुक्तालाही त्या शब्दात शहरच ऐकू आले. ती घराबाहेर होती ना! तिचे कान हिंदीचे होते. आम्ही सामान आवरले आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी मुक्ता स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ बसून आदल्या दिवशीचे आवाज ऐकत होती. हेडफोनची वायर सैल झाली होती म्हणून तिने आवाज मोकळाच लावला होता. मी बाजूला टोपडे काढून बसलो होतो. ओट्यापाशी तिच्या प्रेमलाकाकू थालीपीठ थापत होत्या. काकू लग्न होऊन साताऱ्याकडून काशीला आल्या, त्याला कितीतरी वर्षे झाली, पण हिंदीशी त्यांचे कधी जमले नाही. भाजीवाल्याशीही त्या मराठीत भांडतात आणि जिंकतात.

काकूंचा थापणारा हात थांबला. “मुक्ता, काल कुणाकडे गेली होतीस गं? ही आपल्यातली कुणाची पोर?”

“आपल्यातली नाही गं काकू. बालगृहातली आहे. मऊची.”

“कुठली?”

“मऊची. मऊ जिल्हा आहे ना, तिथली. सारखी गावाचं नाव घेते बिचारी.”

काकूंनी पिठाचे हात तसेच कमरेवर ठेवले. “गावाचं नाव कुणी असं गोंजारत घेतं का गं? काय करत होती ती तेव्हा?”

मुक्ता म्हणाली, “माइकच्या टोपीवर गाल घासत होती.” आणि बोलता बोलताच तिने माझे टोपडे उचलून स्वतःच्या गालाला लावले.

“अगं, मग ती मऊ म्हणतेय!” काकू ओरडल्या. “मऊ! पिसासारखं मऊ! मराठी पोर आहे ती, मुक्ता!”

मुक्ताने पुन्हा ऐकले. पुन्हा ऐकले. स्वयंपाकघरात तोच शब्द वेगळाच झाला होता. मग ती आपल्याच कपाळावर हात मारत म्हणाली, “आणि ‘आई’... काकू, गेट उघडलं की ती ‘आई’ म्हणते. ‘कुणीतरी आली’ असं नाही म्हणत ती. आईला हाक मारते! ‘ओ भी’ म्हणतात ते... ओवी! नाव आहे तिचं!”

तीनच शब्द बोलत होते ते लेकरू, आणि नेमके तिन्ही शब्द असे की हिंदीत त्यांचा भलताच अर्थ लागावा. तिने आपले नाव सांगितले होते, आईला हाक मारली होती, आणि हाताला मऊ लागलेल्या प्रत्येक गोष्टीला, पांघरुणाला, घर विचारत कुशीत घेणाऱ्या बिंदोदीदींच्या शालीला, ‘मऊ’ म्हटले होते. सगळे तिला रोज विचारत होते आणि ती रोज उत्तर देत होती. मला फार लाज वाटली, कारण मी तर तो शब्द सगळ्यात जवळून ऐकला होता. पण अर्थ लावणे हे माझ्या हातात नाही. ते माणसांचे काम आहे.

तव्यावरचे थालीपीठ तसेच टाकून काकू निघाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तव्यावर काही करपू दिल्याचे कुणाच्या ऐकिवात नाही. हिमानीला फोन करून बोलावून घेतले आणि आम्ही सगळे बालगृहात पोहोचलो. मुक्ताने मला हातात धरले होते. काकू अंगणात फतकल मारून बसल्या आणि त्यांनी हाक मारली, “ओवी, ये गं बाळ. इकडं ये.”

मुलगी जागच्या जागी थांबली. तिने काकूंकडे पाहिले, त्यांच्या हिरव्या बांगड्यांकडे पाहिले. मग तिचा चेहरा रडवेला झाला आणि ती मान हलवत म्हणाली, “नगं. आईनं हितंच थांब म्हणलंय.”

बिंदोदीदींनी घाबरून विचारले, “का कहत है? का कहत है?” काकूंना हिंदीतला शब्द सुचेना. मुक्ताने सांगितले, “कह रही है, माँ ने कहा है, यहीं रुको.” मुलांना बाहेर फिरायला न्यायचे म्हटले की ही मुलगी गेटला घट्ट धरून किंचाळायची, आणि सगळे तिला हट्टी म्हणायचे. ती हट्टी नव्हती. ती आईचे ऐकत होती. एवढे महिने.

“‘हितं’ म्हणाली,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “माझ्या माहेरच्या बाजूचीच असणार. सातारा, सांगली, तिकडची.”

सोमवारच्या आत गाडी थांबवायची होती. हिमानीने मी टिपलेला आवाज बाल कल्याण समितीपुढे ठेवला. मुलांच्या बाबतीतले निर्णय ही समिती घेते. समितीच्या बाईंनी तो तीनदा ऐकला आणि मऊला जाणे रद्द केले. मला इतके हायसे वाटले म्हणून सांगू! मग शोध उलट्या बाजूने सुरू झाला. मराठी बोलणारी मुलगी हरवल्याची तक्रार बनारसमध्येच एका दुसऱ्या हद्दीत नोंदलेली निघाली. तक्रार देणारी होती सारिका, सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळच्या गावातली. नवऱ्याच्या अस्थी घेऊन ती सासरच्या माणसांबरोबर काशीला आली होती. मणिकर्णिका घाटाच्या बाजूच्या गर्दीत सासू चक्कर येऊन पडली. ‘हितंच थांब’ असे लेकीला सांगून सारिका पाणी आणायला धावली. रडणारे पोर एकटे पाहून कुणा भल्या माणसाने ते उचलले आणि आपल्या वाटेवरच्या पोलीस चौकीत पोहोचवले. आई पाणी घेऊन परतली तेव्हा पायरी रिकामी होती. एका चौकीत मराठी मुलगी हरवलेली, दुसरीकडे मऊची मुलगी सापडलेली. दोन कागदांची गाठ पडणार तरी कशी?

तक्रारीतला फोन दिराचा होता आणि तो बंद झालेला होता. हिमानीने आटपाडीकडच्या प्रल्हाद नावाच्या वार्ताहराला गाठले. तो गावात जाऊन आला. सासरच्यांनी सारिकाला गावी परत आणून ‘पोर गंगेनं नेली, आता रडून काय?’ असे ऐकवून घराबाहेर काढले होते. ती कुठे गेली ते कुणी सांगेना. मग समितीची परवानगी घेऊन हिमानीने छोटीशी चित्रफीत केली. चेहरा नाही, जागेचे नाव नाही. गंगेची एक रिकामी पायरी, आणि तिच्यावर माझा आवाज. म्हणजे तिचा आवाज, मी ऐकलेला. ‘आईनं हितंच थांब म्हणलंय.’ प्रल्हादने ती हिमानीच्या फोन नंबरासह तिकडच्या बातम्यांत लावली.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. काकू रोज फोनकडे बघून त्याला शिव्या देत.

आणि मग एका दुपारी हिमानीचा फोन वाजला. मी टेबलावर होतो. पलीकडे बायकांचा गलका ऐकू येत होता, खोकी सरकवल्यासारखे आवाज येत होते. ती डाळिंबे भरायची शेड होती, हे नंतर कळले. तिथे एकीच्या मोबाइलवर ती चित्रफीत लागली होती.

“कोन बोलतंय?” शेवटी एक बारीक आवाज आला. “ती... माझी ओवी हाय का वो?”

मुक्ताने फोन हातात घेतला. “हो ताई. ओवी आहे. बरी आहे. खाते, पिते, झोपते.”

मग सारिकाने विचारले, “अजून थांबलीया का ती?”

काकूंनी फोन ओढून घेतला आणि म्हणाल्या, “थांबलीय गं बाई, थांबलीय. तू ये लवकर.”

ओळख पटवण्याचे सोपस्कार झाले. जन्माचा दाखला आणि जुने फोटो घेऊन प्रल्हाद सारिकाबरोबर आला. ती बालगृहात येणार त्या सकाळी कॅमेऱ्याने काच पुसून घेतली होती. मीही टोपडे घालून तयार होतो. इतक्या मोठ्या माहितीपटातला सगळ्यात मोठा क्षण! सारिका गेटापाशी आली तेव्हा हिमानीने तिच्या नियमाप्रमाणे विचारले, “दीदी, इसे शूट करें?” मुक्ताने मराठीत सांगितले.

सारिकाने मान हलवली. “नगं, ताई. एवढं नगं.”

हिमानीने क्षणाचाही विचार न करता कॅमेऱ्यावर झाकण लावले. मुक्ताने माझे बटण बंद केले. गेट उघडले. आतून “आई!” अशी हाक आली, आणि या वेळी ती सगळ्यांना कळली. ओवी पळत सुटली. बिंदोदीदी ढसाढसा रडू लागल्या आणि काकू त्यांना मराठीत गप्प करू लागल्या.

आता तो माहितीपट ठिकठिकाणी दाखवतात. प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी विचारतेच, “भेटीचं दृश्य का नाही?” हिमानी म्हणते, “ते आमचं नव्हतं.” सारिका आता शेडजवळच खोली घेऊन लेकीबरोबर राहते. सासरचा उंबरठा तिने पुन्हा चढला नाही. आणि बालगृहात दर गुरुवारी एक नवी गंमत असते. ब्रह्मा घाटावरून प्रेमलाकाकू येतात, बंगाली टोला या वस्तीतून दोन विधवा बहिणी येतात, हनुमान घाटाकडून एक तमिळ आजी येतात, एक नेपाळी मावशी येतात. ज्यांना वर्षानुवर्षे कुणी नावाने हाक मारली नव्हती अशा बायका नव्या मुलांपुढे बसून नुसत्या ऐकतात. ज्या मुलाचा शब्द जिला कळेल, तिच्या कडेवर ते मूल जाते. बिंदोदीदी सगळ्यांना चहा देतात आणि कुणालाच बोलू देत नाहीत, पण तो त्यांचा स्वभाव आहे.

मी आता पुष्कळ थकलो आहे. माझ्या आवाजात मधूनच खरखर येते आणि मुक्ता मला डबीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत, जपून ठेवते. मित्रांनो, तुमच्या वर्गात, गल्लीत, घरातही कुणीतरी रोज तेच तेच सांगत असेल आणि तुम्हाला त्याचा भलताच अर्थ लागत असेल. त्याला हट्टी म्हणण्याआधी जवळ जा, सगळे गप्प बसा आणि पुन्हा एकदा ऐका.

आणि एक गुपित सांगतो. बटण बंद केले म्हणून मी काही बहिरा होत नाही. ऐकलेले फक्त दुसऱ्याला देता येत नाही, इतकेच. त्या सकाळी अंगणात आई आणि लेक काय बोलल्या, ते मी शब्दन् शब्द ऐकले आहे. पण ते त्या दोघींचे आहे, म्हणून मी ते तुम्हाला सांगणार नाही.